कोणाचीच नसलेली जागा

माणसाचा खरा चेहरा चार भिंतींच्या आत कधीच उमटत नाही. तो उघड्या आभाळाखाली, सूर्याच्या साक्षीनं आणि मातीच्या सान्निध्यातच उमटतो. पांढुर्ण्याच्या बाजारओळीतल्या माझ्या फोटो स्टुडिओत हे वाक्य निळ्या ऑइलपेंटनं रंगवून लावलेलं होतं. लोक ते उभं राहून वाचत आणि मान डोलावत. एका प्राध्यापकांनी तर ते कोणत्या तत्त्वज्ञाचं आहे असंही विचारलं. तत्त्वज्ञ कोणी नव्हता. वाळवी होती.

स्टुडिओत माझ्याकडे एकच पडदा होता. त्यावर सरोवर, सरोवरात राजहंस, काठावर दोन संगमरवरी खांब आणि कुठंही न पोचणारा एक जिना. ऐंशी सालाच्या आसपास एका पावसाळ्यात भिंतीतून वाळवी आली. तिनं आधी राजहंस खाल्ला, मग जिना. खांब तेवढे राहिले, पण नुसत्या दोन खांबांमध्ये कुटुंब उभं केलं की ते कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं असल्यासारखं दिसे. नागपूरचा पेंटर नव्या पडद्यासाठी होळीपर्यंत थांबा म्हणाला. लग्नसराई तोंडावर होती. मग मी कॅमेरा, तिपाई आणि एक घडीची खुर्ची लूनावर बांधली आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागलो की स्टुडिओतले फोटो आता जुने झाले, मोठ्या शहरांत सगळे बाहेरच काढतात. मोठ्या शहरांत काय काढतात ते मला ठाऊक नव्हतं. पण महिनाभरात या कामाचं मला असं वेड लागलं की होळीला पेंटरचा निरोप आला तेव्हा पडदा नको म्हणून मीच कळवलं.

बाहेर फोटो काढणं म्हणजे झाडाखाली माणसं उभी करणं, असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. पहिलं कुटुंब मी कडुनिंबाखाली उभं केलं. पानांतून ऊन ठिबकत होतं, डोळ्यांना फार सुरेख दिसत होतं. फोटो धुऊन हातात आला तर सगळं घर बिबट्यासारखं ठिपक्याठिपक्यांचं. तेव्हा कळलं की सावली हवी ती दाट आणि सलग, भिंतीची, नाहीतर आंब्याची. ऊन थेट तोंडावर आलं की सगळं कुटुंब एकाच माणसावर रागावल्यासारखं दिसतं, आणि तो माणूस मी असतो. पाठीमागं लांबवर मोकळं हवं, नाहीतर आजोबांच्या टोपीतून विजेचा खांब उगवतो. आणि मागे भिंत असेल तर ती आधी वाचून घ्यावी.

हे शेवटचं मला सौंसरच्या एका किराणा दुकानदारानं शिकवलं. त्याचं भरगच्च कुटुंब मी एका पांढऱ्या भिंतीपुढं उभं केलं होतं. मुलं, सुना, नातवंडं, तीन रांगा. उजेड इतका मऊ की मी हरखून गेलो, आणि चेहऱ्यांपलीकडे काही पाहिलंच नाही. फोटोत सगळ्यांच्या डोक्यांवर मोठा त्रिकोण आणि ठसठशीत अक्षरांत ‘हम दो, हमारे दो’. मी दुसरा फोटो फुकट काढून देतो म्हणालो. दुकानदारानं फोटो पुन्हा एकदा पाहिला.

“राहू द्या,” तो म्हणाला. “पायणारे डोके मोजत बसतीन. तेवढाच वेळ फोटो पायतीन.”

सुटीच्या दिवशी मी लूना काढून नुसत्या जागा पाहत हिंडायचो. त्या हिंडण्यात काय मजा होती ते सांगता येत नाही. एखाद्या गोदामाची मागची भिंत, जिच्याकडे गावात कोणी ढुंकून पाहत नाही, ती दुपारी चारला अशी काही उजळायची की मी गाडी तिथंच आडवी टाकून तिच्यापुढं उभा राहायचो. लोकांना वाटायचं, पेट्रोल संपलं. स्टेशनचा फलाट सावलीला उत्तम, पण गाडी आली की कुटुंबातला एक तरी माणूस तिच्याकडे वळून पाहतोच. जाम नदीचं पात्र उजेडाच्या दृष्टीनं अप्रतिम. मात्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच पात्राच्या दोन काठांवरून दोन गावं परंपरेनं एकमेकांवर दगड फेकतात, तेव्हा कौटुंबिक ऐक्याचा फोटो तिथं काढावा असं कोणाला सुचत नसे.

आणि जिनिंगचं आवार! हिवाळ्यात तिथं कापसाचा पांढराशुभ्र डोंगर उभा राहतो. बँकेतल्या एका बाबूंनी यंदा सहकुटुंब काश्मीरला जाणार म्हणून नातेवाइकांत जाहीर करून ठेवलं होतं, आणि ऐनवेळी रजा नामंजूर झाली. ते उदास होऊन दुकानात आले. मी त्यांना जिनिंगमध्ये नेलं. भर दुपारी स्वेटर, मफलर, कानटोप्या घालून पाच जणं कापसापुढं उभी. कापूस निवडणाऱ्या, भरणाऱ्या बाया कामं टाकून गोळा झाल्या.

“अवो माय, ह्या उनात स्वेटर घालून राहिले!” एक म्हणाली. “घरदारच तापीनं फणफणलं काय वो?”

काळ्यापांढऱ्या फोटोत ते बर्फ असं उतरलं की पाहताना मलाच हुडहुडी भरली. बाबूंच्या मेव्हण्यानं फोटो बराच वेळ पाहिला म्हणे, आणि एवढंच विचारलं की काश्मीरमध्ये मागे बैलगाडी कशी.

अशी गंमत चालली होती. जागा शोधण्यात आपण वाकबगार झालो असं मला वाटायला लागलं होतं. ते वाटणं सुखदेवबाबूंनी उतरवलं. ते सौंसरच्या तहसील कचेरीत नव्यानं बाबू म्हणून लागले होते. त्यांचं घर बौद्धपुऱ्यात, घरासमोर भला मोठा पिंपळ, शेजारी विहाराची चुन्यानं नुकतीच रंगवलेली भिंत. सकाळच्या उजेडाला याहून चांगली जागा सगळ्या तहसिलीत नव्हती. मी तिथंच तिपाई लावायला लागलो.

“इथं नाई,” सुखदेवबाबू म्हणाले. “मले कचेरीच्या पायऱ्यायवर पायजे.”

“तिथं सकाळचं ऊन सरळ डोळ्यांत येतं, बाबू.”

“येऊ द्या. माहा बाप अर्ज घेऊन त्या पायऱ्यायच्या खाली उभा रायत होता. दिवस दिवस. त्याले वरच्या पायरीवर खुर्ची टाकून बसवा. आमी बाकीचे कुठंबी उभे रायतो.”

रविवार होता, कचेरी बंद होती. त्यांचे वडील पांढरं धोतर आणि मुलाचा कोट घालून आले. वरच्या पायरीवर मी खुर्ची उघडली. म्हातारबाबा तिच्यापाशी थांबले, बंद दाराकडे पाहिलं, आणि मुलाला हळूच म्हणाले, “बसू ना?”

“बसा बाबा. उद्या सकाळी हे दार मीच उघडून राहिलो.”

फोटोत सगळ्यांचे डोळे उन्हानं बारीक झालेत. धंद्याच्या हिशेबानं तो फोटो सदोष आहे. मी त्याची मोठी प्रत काढून दुकानात दर्शनी लावली होती. आणि तेव्हापासून जागा म्हटलं की मी आधी ऊन विचारत नसे; आधी विचारायचो, ही जागा तुमची कोण लागते?

एका हिवाळ्यात, दिवाळी होऊन गेल्यावर, गुलाबराव आले. मोहगावाकडच्या एका खेड्यातले संत्र्याचे बागाईतदार. काळी टोपी, हातात छत्री, आणि दुकानात शिरल्याबरोबर बाकावर असे बसले की जणू गाडी सुटायला अजून वेळ आहे.

“फोटो काढाचा हाये,” ते म्हणाले. “घरच्या सगळ्यायचा. एका फोटोत.”

“काढू की. किती माणसं आहेत?”

“माणसं हायेत. जागा नाई.”

मग त्यांनी सांगितलं. दोन मुलं, थोरला वामन आणि धाकटा देविदास. पावसाळ्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. एका घरात दोन चुली झाल्या होत्या. संत्र्याचा शेवटचा ट्रक गेला की वाटणी व्हायची, पंच ठरले होते, सोमवार ठरला होता. बायको आधीच वारलेली. समजूत घालायला घरात दुसरं कोणी मोठं नव्हतं.

“वाटणी झाली का हे दोघं एकामेकाच्या अंगणात पाय ठेवत नाई,” गुलाबराव म्हणाले. “मले म्हाइत हाये. माहेच पोरं होत ते. वाटणीले माही ना नाई. पन त्याच्या अगोदर एक फोटो पायजे. भिंतीवर तरी एकत्र दिसतीन.”

“मग बागेतच काढू. संत्री लगडलेली असतील.”

“बागेत कोठी? उगवतीकडची बाग वामनची ठरली, तिथं देविदास उभा रायत नाई. मावळतीकडची देविदासची, तिथं वामन पाय ठेवत नाई. ‘तिथं फोटो काढला का ते जागा त्याची झाली’, असं म्हनून राहिले दोघंबी. अंगणात चुन्याची रेघ मारून ठेवली हाये. तुमी जागा पाहा. कोणाचीच नसन अशी.”

खरं सांगतो, मला आनंद झाला. गुलाबरावांच्या दुःखाचा नव्हे. पण आजवर मी सूर्य, सावली, भिंती यांच्याशी झगडलो होतो. सातबाऱ्याशी झगडायची ही पहिलीच वेळ. नागपूरहून रंगीत रोल आणून ठेवला होता, बारा फोटोंचा, चांगल्या कामासाठी राखलेला. तो कॅमेऱ्यात भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी लूना अशी पळवली की मोहगावाच्या रस्त्यावरचे खड्डे मला परतताना दिसले.

दोघं भाऊ अंगणात होते. चुन्याच्या रेघेच्या अलीकडे एक, पलीकडे एक. वामन जाडजूड, मिशीवाला. देविदास सडपातळ, टेरिकॉटचा सदरा घातलेला. बापाच्या शब्दाखातर फोटोला दोघंही तयार होते. फक्त उभं कुठं राहायचं एवढाच प्रश्न होता.

“दोन्ही बागांच्या मधल्या धुऱ्यावर काढू,” मी म्हणालो. “एक जण इकडे, एक जण तिकडे.”

“धुरा कोठून जाते तेच तर ठरून नाई राहिलं,” वामन म्हणाला.

“विहिरीपाशी?”

“त्यालेच विचारा, मोटर कोणाच्या पाळीत जळली ते,” देविदास झाडाकडे पाहत म्हणाला.

विहीर सोडली. अंगणासमोरच मारुतीचं छोटं देऊळ होतं, ओट्यावर छान सावली.

“देव तर सामाईक आहे ना?” मी विचारलं.

“देव सामाईक हाये,” वामन म्हणाला. “पन हा ओटा माह्या आज्यानं बांधला.”

“त्याचा आजा आन् माहा आजा काय दोन होते?” देविदासनं मला विचारलं. मी मारुतीकडे पाहिलं. त्यालाही काही सुचत नव्हतं.

इतका वेळ दारातून सगळं पाहत असलेली थोरली सून आता बोलली. “फोटूवाले भाऊ, रस्त्यावर घ्या ना फोटो. रस्ता सरकारचा हाये. यायले त्याची वाटणी नाई मागता येत.”

ही सूचना मला फार आवडली. पण गुलाबरावांनी छत्री आपटली. “रस्त्यावर? सारं घर रस्त्यावर उभं करता? येणारा-जाणारा काय म्हणन, घरातून हाकलून देलं म्हनून?”

असं करत करत आम्ही सगळं शेत फिरलो. पुढं मी, मागं गुलाबराव, आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन मुलं, मध्ये भरपूर अंतर सोडून. बागेच्या टोकाला, गाडरस्त्यालगत पोचलो, आणि मी जागच्या जागी थांबलो.

तिथं तोडलेल्या संत्र्यांचा ढीग लागला होता. भाताच्या तणसावर छातीइतका उंच, आणि लांबी घराएवढी. एका अंगाला जुना आंबा, त्याची दाट सलग सावली. दुपार कलताच ऊन तिरपं होऊन ढिगावर पडणार, आणि तो सगळा केशरी उजेड उलटून सावलीत उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडावर येणार. असा दिवा कोणत्या स्टुडिओत आहे?

“ही जागा कोणाची?” मी विचारलं.

“शेठची,” वामन म्हणाला.

“शेठची,” देविदास म्हणाला.

त्या दिवशी दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला हवं. आमच्याकडे बाग विकली म्हणतात तेव्हा जमीन विकलेली नसते. फळ लहान असतानाच व्यापारी येऊन झाडं पाहतो, भाव ठरतो, आणि त्या दिवसापासून तोडणी संपेपर्यंत झाडावरचं फळ त्याचं. त्याचा रखवालदार बागेत मुक्काम ठोकतो. मालकाच्या घरच्या कोणी एक संत्रं तोडलं तरी तो हटकतो. जिथं ढीग लागतो आणि पेट्या भरतात, तेवढी जागाही त्या दिवसांपुरती व्यापाऱ्याचीच मानतात. म्हणजे त्या सबंध शेतात आज एवढाच तुकडा असा होता की जो वामनचाही नव्हता आणि देविदासचाही नव्हता.

“इथं चालन,” वामन म्हणाला.

“चालन,” देविदास म्हणाला.

गुलाबरावांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली.

तयारीला सगळे घरात गेले. मी तिपाई लावली, खुर्ची मांडली, ऊन तिरपं व्हायची वाट पाहत बसलो. ऊन वेळेवर आलं. त्याच्या आधी ट्रक आला.

शेठची माणसं उतरली आणि ढिगातली संत्री निवडून पेट्यांत भरायला लागली. तणस घालायचं, थर लावायचा, झाकणाला खिळे ठोकायचे, पेटी ट्रकमध्ये. हात असे चालत होते की पाहत राहावं, आणि मी पाहत राहिलो, घाबरून. छातीइतका ढीग कमरेपर्यंत आला. घराकडे धावलो, तर दोन्ही सुना आपापल्या खोलीत साडी हातात घेऊन बसलेल्या. दुसरी कोणती नेसते हे कळल्याशिवाय पहिली नेसणार नव्हती.

“वहिनी, जांभळी नेसा नाहीतर पिवळी नेसा, पण या!” मी अंगणातून ओरडलो. “जागा ट्रकमध्ये भरून चालली आहे!”

मी आयुष्यात पुष्कळ जागा शोधल्या. डोळ्यांदेखत खिळे ठोकून नागपूरला रवाना होणारी जागा तीच एक.

परत आलो तर ढिगापाशी एक जीप उभी. खुद्द बन्सीशेठ माल पाहायला आले होते. राखाडी सफारी, काळा गॉगल, बोटांत अंगठ्या. संत्रं हातात घेऊन ते असं न्याहाळत की संत्र्यालाच संकोच वाटावा.

“शेठ,” मी धापा टाकत म्हणालो, “थोडा वेळ माल उचलू नका. फोटो काढायचा आहे.”

“किसका फोटो?”

“गुलाबरावांच्या घरच्यांचा.”

“माल हमारा, और फोटो उनका?”

“तुमचा मालही येतो ना फोटोत.”

शेठनी गॉगल काढला, पुसला, पुन्हा लावला. “और मालवाला?”

माझ्याकडे वाद घालायला वेळ नव्हता. ऊन आंब्याच्या बुंध्यावर चढायला लागलं होतं. मी नुसती मान डोलावली. शेठनी हात वर केला आणि हातोडे थांबले.

घरची मंडळी आली. एक सून जांभळ्या साडीत, दुसरीही जांभळ्याच साडीत, दोघी एकमेकींकडे न पाहता. गुलाबराव खुर्चीवर. सुना दोन बाजूंना, मुलंबाळं पायाशी. मागं उभे राहायचे ते दोघं भाऊ, खुर्चीच्या मागं, खांद्याला खांदा लावून. माझा कॅमेरा पेटीसारखा होता, वरून खाली मान घालून काचेत पाहायचं. मी काचेत पाहिलं. खुर्चीच्या मागं एका टोकाला वामन, दुसऱ्या टोकाला देविदास, आणि मधून बैलगाडी गेली असती.

“वामनभाऊ, थोडे आत या.”

“मी जागेवरच हाये. त्याले सांगा.”

“देविदासभाऊ, तुम्ही या.”

“मी कायले येऊ? मोठे ते होत ना? येऊ द्या त्यायले.”

“वाटणी सोमवारी हाये,” थोरली सून दातांवर दात ठेवून म्हणाली. “आज फोटो हाये.”

कोणी हललं नाही. ट्रकच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ऊन ढिगाच्या टोकावर आलं होतं, आणखी थोडं सरकलं की संपलं. गुलाबराव मागं वळून पाहत नव्हते. पाहिलं असतं तर त्यांना ती मोकळी जागा दिसली असती, आणि ती पाहायची नाही असं त्यांनी ठरवलं असावं. मी काचेत डोकं खुपसून बसलो. वर काढलं असतं तर मला त्यांच्याशी काहीतरी बोलावं लागलं असतं.

तेवढ्यात काचेत एक राखाडी सफारी शिरली. बन्सीशेठ ढिगाला वळसा घालून सरळ त्या मोकळ्या जागेत येऊन उभे राहिले, अगदी मधोमध. दोन्ही हात पसरले, एक वामनच्या खांद्यावर, एक देविदासच्या, आणि पेटी ओढावी तसं दोघांना जवळ ओढलं.

“अरे, पास आओ भाई! गाड़ी को नागपुर जाना है!”

वामनचा तोल गेला. तो शेठच्या अंगावर आला, शेठ देविदासच्या अंगावर, आणि पडू नये म्हणून देविदासचा हात वामनच्या दंडावर. पायाशी बसलेली पोरं खिदळली. धाकट्या सुनेनं तोंडाला पदर लावला. वामनची मिशी हलली. मग देविदासही हसला, बहुधा मिशीलाच. आणि मागच्या हसण्याचा आवाज ऐकून गुलाबरावांनी मान वर करून समोर पाहिलं.

मी बटण दाबलं. रोल फिरवला, पुन्हा दाबलं. ढिगावरचा सगळा केशरी उजेड त्यांच्या तोंडावर आला होता, आणि मी ‘वा! वा!’ असं ओरडत होतो, हे मला नंतर रखवालदारानं सांगितलं. बाराव्या फोटोनंतर ऊन गेलं, हातोडे पुन्हा सुरू झाले. निघताना त्याच रखवालदारानं माझी कॅमेऱ्याची पिशवी उघडून आत संत्री नाहीत ना ते पाहून घेतलं.

नागपूरहून फोटो धुऊन आले तेव्हा दुकानात गुलाबराव माझ्याही आधी हजर होते. त्यांनी पहिलाच फोटो हातात घेतला आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेले.

“सगळे आले,” ते म्हणाले. मग बोट मध्ये थांबलं. “शेठबी आले.”

“हो. ते...”

“असू द्या. ते नसते आले तं हे दोघं कायचे येत होते?”

त्या फोटोनं मला थोडी प्रतिष्ठा मिळवून दिली. एका मंडळानं ‘छायाचित्रण आणि कौटुंबिक ऐक्य’ या विषयावर माझं भाषण ठेवलं. मी तास घेतला. कॅमेरा दुभंगलेली मनं सांधू शकतो, असं मी त्यात म्हणालो, आणि टाळ्या पडल्या. वाटणीबद्दल कोणी विचारलं नाही. ती ठरल्याप्रमाणे सोमवारी झाली होती. चुन्याच्या रेघेवर भिंत उठली. गुलाबराव एक महिना या घरी, एक महिना त्या घरी राहायला लागले, आणि जाताना तसबीर काखेत मारून सोबत न्यायचे.

पुढं काही वर्षांनी गुलाबराव गेले. त्यानंतर एके दुपारी दोघं भाऊ माझ्या दुकानात आले. बरोबर आले. एकाच बसनं आले असावेत, कारण दोघांच्या अंगावर सारखीच धूळ होती. वामननं तसबीर काउंटरवर ठेवली.

“याच्यातून शेठले काढून टाका,” तो म्हणाला.

“बापाच्या मांगं तो काहून पायजे?” देविदास म्हणाला. “पाहुणे विचारतेत, हा कोण म्हनून.”

आजकाल हे काम पोरं बसल्याबसल्या करतात. तेव्हा माझ्याकडे ब्रश, कात्री आणि डिंक होता. मी भिंग लावून त्यांना दाखवलं. शेठचे दोन्ही हात दोघांच्या खांद्यांवर होते, आणि सफारीच्या मागं काय आहे ते कॅमेऱ्यानं पाहिलेलंच नव्हतं.

“काढता येईल,” मी म्हणालो. “पण फोटो मधून कापावा लागेल. वरपासून खालपर्यंत. तुम्ही एका तुकड्यात, हे एका तुकड्यात. गुलाबराव मधोमध बसले आहेत, तर कात्री त्यांच्यावरूनही जाईल. मग पुन्हा जोडायचं.”

“जोड दिसन?” देविदासनं विचारलं.

“दिसेल.”

दोघं तसबिरीकडे पाहत राहिले. मग वामननं धाकट्याकडे पाहिलं. माझ्यामार्फत नव्हे, सरळ.

“राहू दे मंग?”

“राहू दे,” देविदास म्हणाला.

त्यांनी दोन मोठ्या प्रती करायला सांगितल्या, शेठसकट. मी त्या मन लावून केल्या. त्या आजही दोन्ही घरांत, भिंतीच्या दोन्ही अंगांना, देवघराशेजारी लावलेल्या आहेत. नंतर दोन्ही घरांत नव्या सुना आल्या. घरात पाऊल टाकल्यावर देवाला आणि मग त्या फोटोला नमस्कार करायची तिथं रीत पडली आहे. मधोमध उभा असलेला, दोन्ही भावांच्या खांद्यांवर हात ठेवलेला, भारदस्त गृहस्थ हाच या घराण्याचा मूळ पुरुष असावा असं त्या धरून चालतात, आणि त्यांची समजूत कोणी दुरुस्त केलेली नाही.

बन्सीशेठनं मात्र फोटोनंतरच्या पुढच्याच हंगामात यांची बाग सोडून शेजारची घेतली होती.